आधी पूर्वपक्ष

एकोणिसाव्या शतकातील धर्मवाद आपण बहुधा जय-पराजयाच्या भाषेत वाचतो. त्यांतील सभ्यतेचा प्रश्न मात्र मागे राहतो. मुंबईत १८३१ मध्ये मोरभट दांडेकरांनी रेव्हरंड जॉन विल्सन यांच्याशी वाद केला आणि 'हिंदुधर्मस्थापना' लिहिली. विल्सन यांचे उत्तर १८३२ मध्ये निघाले. त्याच्या इंग्रजी शीर्षकात हिंदू धर्म 'उघडा पाडण्याची' भाषा आहे. तिला सौम्य म्हणता येणार नाही. तरीही त्याच ग्रंथाच्या आरंभी त्यांनी दांडेकरांच्या पुस्तकाचा अनुवाद छापला. खंडन त्यानंतर. आपल्या शास्त्रपरंपरेत यालाच पूर्वपक्ष मांडणे म्हणतात. अर्थात अनुवाद प्रतिपक्षाच्याच छत्राखाली निघाला, हे विसरून चालणार नाही.

नागपुरात या सभ्यतेचे वेगळे रूप दिसते. १८४५ मध्ये येथे आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप धर्मप्रसारासाठीच आले होते. पण त्यांनी गोंडांची भाषा आणि परंपराही टिपून ठेवल्या. १८६३ मध्ये ते नदीत बुडून वारले. रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये संपादित केलेल्या त्यांच्या कागदपत्रांत लिंगोचे गीत इंग्रजी अनुवादाबरोबर मूळ गोंडीतही आहे. त्यामुळे वाचकाला अनुवादकाची पारख करता येते.

गोड शब्द म्हणजे सौजन्य नव्हे. ज्याचे म्हणणे आपल्याला अमान्य आहे, त्याचे शब्द शाबूत ठेवणे हीच वादाची पहिली अट आहे, असे आम्हांस वाटते.