दगडांची साक्ष

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, बखरी आणि दफ्तरे आपल्या डोळ्यांसमोर येतात. आयर्लंडच्या ग्रामीण भागाचा इतिहास लिहिणाऱ्याला मात्र वारंवार जुन्या दफनभूमीकडे वळावे लागते. तेथे मृत्यूंची सरकारी नोंद सरसकट सुरू झाली ती १८६४ साली. पुढे १९२२ च्या यादवीत डब्लिनचा सरकारी दफ्तरखाना जळाला आणि १८२१ ते १८५१ या काळातील खानेसुमारीचे बहुतेक मूळ कागद त्यात नष्ट झाले. कागद गेले, दगड राहिले.

या दफनभूमींत पुष्कळदा छप्पर उडालेले एखादे जुने चर्च दिसते. सोळाव्या शतकातील धर्मक्रांतीनंतर ही देवालये प्रॉटेस्टंट धर्मसंस्थेकडे गेली आणि कित्येक ओस पडली. बहुसंख्य प्रजा कॅथलिकच राहिली. उपासनेची वास्तू हातची गेली, तरी आपले मृत ती पूर्वजांच्या शेजारीच, त्या पडक्या भिंतींच्या आश्रयाने पुरत राहिली.

परंतु दगडाची साक्षही एकांगी असते, कारण शिळा कोरून घ्यायला पैसा लागतो. कॉर्क परगण्यात स्किबरीनजवळ, आयलेन नदीच्या काठी, ॲबीस्ट्रूरीची दफनभूमी आहे. १८४५ मध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि पुढील काही वर्षांत भुकेने व साथींनी देशातील सुमारे दहा लक्ष माणसे मेली. या वेळी कलकत्त्याहूनही आयर्लंडला मदतनिधी गेला होता. स्किबरीनला शवपेट्या पुरेनात, म्हणून तळाची फळी बिजागरीवर उघडणारी एकच पेटी पुन्हा पुन्हा वापरली गेली. ॲबीस्ट्रूरीच्या सामायिक खड्ड्यांत आठ ते दहा हजार माणसे विसावली असावीत, असा अंदाज आहे. पुढे त्यांचे स्मारक झाले. पण बहुतेकांची नावे कायमची हरपली.

याहून मुकी जागा अर्भकांची. बाप्तिस्म्यापूर्वी दगावलेल्या मुलाला पवित्र भूमीत स्थान नसे. जुनी तटबंदी, गावशीव किंवा ओस पडलेले चर्च अशा ठिकाणी त्याला पुरीत, आणि खूण म्हणून शेतातला एखादा अनघड दगड ठेवीत. विसाव्या शतकातही ही रीत चालू होती.

म्हणून अशा दफनभूमीचा नकाशा काढताना कोरीव शिळांची यादी केली की काम संपले, असे होत नाही. जेथे केवळ गवत आहे, तो तुकडाही नकाशात दाखवावा लागतो; गावातील पुष्कळसे लोक तेथेच आहेत.