यंत्राने लिहिलेले सांत्वन

१९६६ साली अमेरिकेतील एमआयटीमध्ये जोसेफ वायझेनबाम यांनी ‘एलायझा’ हा संगणकाचा प्रोग्रॅम मांडला. आपण टाइप केलेल्या वाक्यातला एखादा शब्द पकडायचा आणि ठरावीक साच्यात बसवून परत द्यायचा, एवढेच त्याचे काम. अर्थ त्याला मुळीच कळत नसे. हे ठाऊक असूनही त्यांच्या सचिवबाईंनी त्याच्याशी ‘बोलताना’ खुद्द वायझेनबाम यांनाच खोलीबाहेर जायला सांगितले! अस्वस्थ झालेल्या वायझेनबाम यांनी १९७६ साली पुस्तक लिहून बजावले : संगणकाला जमते म्हणून प्रत्येक काम त्याच्यावर सोपवू नये.

आज चॅटजीपीटीसारखी साधने अफाट मजकुरावरून शिकून पुढचा संभाव्य शब्द निवडत लिहितात. रीत बदलली, प्रश्न तोच राहिला. १३ फेब्रुवारी २०२३ रोजी मिशिगन स्टेट विद्यापीठात गोळीबार होऊन तीन विद्यार्थी मारले गेले. त्याच आठवड्यात टेनेसीतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या पीबॉडी महाविद्यालयातील एका कार्यालयाने आपल्या विद्यार्थ्यांना धीर देणारे पत्र पाठवले. तळाशी नोंद होती : मजकूर चॅटजीपीटीच्या आधारे. घटना एकच, पत्रात मात्र ‘गोळीबार’ अनेकवचनी! विद्यार्थी संतापले, माफी मागावी लागली.

नोंद तर प्रामाणिक होती, मग चुकले काय? वेळापत्रकाच्या सूचनेत अचूक माहिती हवी असते. यंत्राचा मसुदा माणसाने नीट तपासला की भागते. दुःखाच्या पत्रात मात्र कोणीतरी आपला विचार केला, हेच वाचणाऱ्याला हवे असते. आता सांगा, प्रगतिपुस्तकावरचा शेरा यांपैकी कशात मोडतो? शिक्षक-खोलीत यावर जरूर चर्चा करून पाहा.