जेवणाचं खातं

खोपट म्हणजे झोपडी. आमच्या ठाण्यातल्या खोपटला आता झोपडीचं नुसतं नाव उरलंय, एस.टी. डेपोच्या आसपास उंच इमारती उभ्या आहेत आणि जाहिरातीत 'वन बीएचके' असतं. बी म्हणजे निजायचं, एच म्हणजे पाहुण्यांचं, के म्हणजे रांधायचं. जेवायचं कुठं? त्याला अक्षरच नाही! ज्या रकमेचं खातं सापडत नाही, ती आम्ही बँकवाले 'सस्पेन्स'मध्ये टाकतो. मराठी घरातलं जेवण पिढ्यान्‌पिढ्या तिथंच पडून आहे.

जुन्या वाड्यात ओटी होती, माजघर होतं, देवघर होतं, बाळंतिणीची खोलीसुद्धा होती. जेवणासाठी पाट मांडले, रांगोळी काढली की तेवढ्यापुरतं जेवणघर तयार. पाट उचलले, शेणगोळा फिरवला की जागा मोकळी! मात्र कोणी कोणाबरोबर खावं-प्यावं, याचे नियम पक्के. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये नुसता चहा पुढं आला, तर रानडे-टिळकांपर्यंत प्रायश्चित्ताचं प्रकरण पोचलं. चहाची ही गत, मग आमटीभाताची काय कथा!

पुढं सुधारकांनी सहभोजनं घातली. पण घरातला क्रम फारसा हलला नाही. आधी पुरुष आणि मुलं, मग उरलंसुरलं घेऊन बायका. चाळीतल्या खोलीत पाट गेले, सतरंजीच्या पट्ट्या आल्या, क्रम तोच.

तो हलवला सनमायकाच्या टेबलानं. आमच्याकडे ते हप्त्यांवर आलं, चार खुर्च्यांसकट. भांडी मधोमध, ज्याचं त्यानं वाढून घ्यायचं. आई पहिल्यांदा खुर्चीवर बसली ती अगदी काठावर, परक्या ऑफिसात बसल्यासारखी. पोळ्या आधीच करून ठेवल्यामुळे आम्हाला थोड्या गार मिळाल्या. तेवढ्या गारव्यात आईचं जेवण आमच्याबरोबर झालं.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. आमच्या घरी टीव्ही आला तो टेबलानंतर. आला आणि ताटं हॉलमध्ये गेली. आता टेबलावर लाइटबिलं, औषधं, मोबाइलचे चार्जर आणि इस्त्रीचे कपडे जेवायला बसलेले असतात. रात्री ओटा पुसून झाल्यावर तो पसारा सारून कोपऱ्यात कोण एकटीच जेवते, हे कुठल्याही घरात सांगावं लागत नाही. टेबलाचे हप्ते केव्हाच फिटले. ही थकबाकी मात्र वाड्यापासूनची आहे, आणि तिला अजून कुणी नोटीस काढलेली नाही.