हिब्रूतलं बघणं

ग्रीक बघणारे आणि हिब्रू ऐकणारे, अशी एक वाटणी विद्वानांच्या लिखाणात बरीच वर्षं चालत आली आहे. तिला आधार नाही असं नाही. यहुद्यांच्या मुख्य प्रार्थनेचं नावच ‘शमा’, म्हणजे ‘ऐक’, आणि ती म्हणताना डोळ्यांवर हात ठेवायची रीत आहे. आपल्या कोकणातले बेने इस्राएल हिब्रूपासून तुटले, तरी त्यांच्या परंपरेप्रमाणे ही शमा तोंडी टिकून राहिली. पण हिब्रू शास्त्र उघडून शब्द मोजायला बसलं, तर ‘राआ’ म्हणजे पाहणे हे क्रियापद सुमारे १३०० वेळा येतं. ऐकण्याचं ‘शामा’ त्याहून कमी. मला ती वाटणी पटत नाही. हिब्रूतलं बघणं निराळं आहे एवढंच, आणि मराठी माणसाला ते लवकर उमगावं.

त्या शास्त्रातल्या उत्पत्तीच्या पुस्तकात, २२व्या अध्यायात, अब्राहाम मुलाला घेऊन डोंगर चढतो आहे. लाकडं इसहाकाच्या पाठीवर, विस्तव आणि सुरी बापाच्या हातात. मुलगा विचारतो, होमाचं कोकरू कुठे आहे? बापाच्या उत्तरात ‘यिर्ए’ हे राआचंच रूप येतं : कोकराचं देव पाहील. इंग्रजी भाषांतरकारांनी इथे ‘प्रोव्हाइड’ योजला. गंमत म्हणजे त्या शब्दाच्या पोटातही लॅटिनमधलं ‘आधी पाहणं’ दडलेलं आहे, पण आज ते कोणाला दिसत नाही. आपल्याला मात्र एवढं लांब जावं लागत नाही. ‘मांडवाचं कोण बघतंय?’ या प्रश्नात मांडवाकडे टक लावून बसणं कोणाच्या मनात नसतं.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात देव सांगतो की इशायाच्या मुलांत त्याने आपल्यासाठी राजा पाहिला आहे. म्हणजे हेरला, पाहून ठेवला. आपण स्थळ पाहतो तसा. त्याच प्रसंगात शमुवेल थोरल्याची उंची बघून भुलतो, तेव्हा देव त्याला बजावतो की माणूस डोळ्यांपुढचं पाहतो, देव मनातलं. दोन्हीकडे क्रियापद तेच.

पण या धातूची खरी श्रीमंती उत्पत्तीतल्याच हागारेच्या गोष्टीत आहे. सारेची मिसरी दासी, पोटुशी, मालकिणीच्या जाचाला कंटाळून रानात पळालेली. देवदूत तिला गाठतो तो एका झऱ्यापाशी. झऱ्याला हिब्रूत ‘आयिन’ म्हणतात आणि डोळ्यालाही ‘आयिन’च. (याच नावाचं अक्षर जुन्या लिपीत डोळ्यासारखं गोल होतं, ग्रीकांकडे गेल्यावर त्याचा ‘ओ’ झाला.) तिथे ही दासी देवाला नाव देते : ‘एल रोई’. पाहण्याचा देव, की मला पाहणारा देव? व्याकरण दोन्हीकडे झुकतं आणि पंडित अजून वाद घालतात. मला दुसरा अर्थ जवळचा वाटतो, कारण तोवर त्या घरात तिला नावाने हाक मारलेली दिसत नाही. सारा आणि अब्राहाम तिला ‘दासी’च म्हणतात.

पुढे २१व्या अध्यायात ती मुलासह घराबाहेर काढली जाते. मसकेतलं पाणी संपतं. मुलाला झुडपाखाली टाकून ती बाणाच्या टप्प्याइतकी लांब जाऊन बसते, कारण त्याचं मरण तिला बघवणार नसतं. इथेही राआ. मग देव तिचे डोळे उघडतो आणि तिला विहीर दिसते, पुन्हा राआ. विहीर त्या क्षणी निर्माण झाली, असं मजकूर म्हणत नाही.

संदेष्ट्याला पूर्वी ‘रोए’, म्हणजे द्रष्टा, म्हणत अशी नोंद शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातच आहे. आपल्याकडे द्रष्टा म्हटलं की मंत्रद्रष्टे ऋषी आठवतात. इथे शौल नावाचा तरुण अशा द्रष्ट्याकडे जातो तो बापाची हरवलेली गाढवं शोधताना, पाव शेकेल चांदी दक्षिणेला घेऊन. द्रष्टेपणाची इतकी घरगुती सुरुवात मला तरी फार आवडते.

आणखी एक रूप सांगायलाच हवं. दुष्काळात मिसरात धान्य असल्याचं कळल्यावर म्हातारा याकोब मुलांवर खेकसतो. त्याच्या बोलण्याचा मराठीत जसाच्या तसा अर्थ होतो तो असा, की एकमेकांच्या तोंडाकडे काय बघत बसलात. तिथे राआचं परस्परवाचक रूप आहे. आजच्या इस्राएलमध्ये निरोप घेताना लोक ‘लेहित्राओत’ म्हणतात, तेही याच रूपातून आलं आहे.