हायाबुसा : दोरावरून झेपावणारा मल्ल



कुस्ती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे माती उभी राहते. हळद, ताक, तेल घालून मळलेली तांबडी माती, आणि तिच्यात पाय रोवून उभे असलेले दोन जोडीचे मल्ल. आपल्या मल्लविद्येतले बहुतेक सारे डाव जमिनीशी बांधलेले आहेत. ज्याचे पाय उखडले तो गेला, असा साधा हिशेब. आज मी ज्या मल्लाविषयी बोलणार आहे, त्याचे सारे कर्तृत्व मात्र जमीन सोडण्यातच होते. त्याचे खरे नाव एजी एझाकी. रिंगणातले नाव हायाबुसा. ह्या जपानी शब्दाचा अर्थ बहिरी ससाणा.

आरंभीच एक आक्षेप निकालात काढला पाहिजे, कारण तो आपणांपैकी अनेकांच्या ओठांवर आला असेल. ही धंदेवाईक कुस्ती खरी कुठे असते? तिचा निकाल आधीच ठरलेला असतो! होय, असतो. आपल्याकडे नुरा कुस्ती हा शब्द जवळजवळ शिवीसारखा वापरतात, आणि निकाली कुस्ती पाहायला पैसे मोजणाऱ्या माणसाने तो तसा वापरावा हे योग्यच आहे. परंतु कोण जिंकणार हे ठरवता येते, म्हणून सगळेच ठरवता येते असे नाही. साडेतीन-चार हात उंचीवरून उलटी कोलांटी घेणारे शरीर खाली कसे येईल, हे कोणत्याही व्यवस्थापकाला आधी लिहून ठेवता येत नाही. हायाबुसाच्या आयुष्यात ही गोष्ट फार महाग पडली.

जपानात ह्या खेळाचे वेड लावले ते रिकिदोझान ह्या मल्लाने. जन्माने कोरियन, आधी सुमो खेळणारा. १९५४ साली अमेरिकेहून आलेल्या शार्प बंधूंशी त्याच्या लढती झाल्या, तेव्हा दूरचित्रवाणी नुकतीच सुरू झाली होती. घरोघरी यंत्रे नव्हती. चौकाचौकांत बसवलेल्या संचांपुढे माणसांचे थवे लोटले. पराभूत राष्ट्राला गोऱ्या मल्लाला लोळवणारा आपला माणूस पाहायचा होता. १९५८ साली रिकिदोझानने लू थेझ ह्या अमेरिकन मल्लावर विजय मिळवला. हाच थेझ पुढे १९६८ साली मुंबईत दारासिंगाशी लढून हरला. तेव्हा ही दुनिया आपल्याला वाटते तितकी परकी नाही.

रिकिदोझानच्या कुस्तीत उड्डाण नव्हते. ते आले मेक्सिकोतून. तेथे १९३३ पासून धंदेवाईक कुस्तीचे मोठे संघटित खेळ होत आले आहेत, आणि तेथला मल्ल मुखवटा घालतो. हा मुखवटा नाटकातल्या सोंगासारखा नसतो. तो हरला तर मल्लाची अब्रूच जाते. एल सांतो नावाचा तेथला विख्यात मल्ल १९८४ साली वारला, तेव्हा त्याला मुखवट्यासह पुरण्यात आले! जपानात १९८१ साली सातोरू सायामा हा तरुण ‘टायगर मास्क’ ह्या चित्रकथेतल्या नायकाचा मुखवटा घालून रिंगणात उतरला. पहिल्याच लढतीत डायनामाइट किड ह्या इंग्रज मल्लासमोर त्याने जी चपळाई दाखवली, तिने एका पिढीतली पोरे वेडी झाली. त्या डायनामाइट किडचे पुढे काय झाले तेही सांगून टाकतो. पाठीच्या दुखण्यांनी त्याला चाकाच्या खुर्चीत बसवले आणि २०१८ साली, साठाव्या वाढदिवशी, तो गेला.

एझाकीचा जन्म २९ नोव्हेंबर १९६८ चा, क्युशू बेटावरच्या कुमामोतो प्रांतातील यात्सुशिरो गावचा. म्हणजे टायगर मास्क अवतरला तेव्हा तो बारा वर्षांचा. विद्यापीठात असताना त्याला कुस्तीवेडा मित्र भेटला. मिस्टर गान्नोसुके ह्या नावाने तो पुढे प्रसिद्ध झाला आणि रिंगणात एझाकीचा सर्वांत मोठा वैरी ठरला. रिंगणातले वैर आणि बाहेरची मैत्री अशी एकाच माणसाशी निभावणे ही ह्या धंद्यातली मोठी मौजेची गोष्ट आहे.

१९९१ साली एझाकी एफ.एम.डब्ल्यू. ह्या मंडळीत उभा राहिला. अत्सुशी ओनिता ह्या मल्लाने १९८९ साली काढलेली ही मंडळी. गुडघ्याच्या दुखापतीने ओनिताला पूर्वी कुस्ती सोडावी लागली होती. चपळाई गेली, तेव्हा त्याने दुसरा मार्ग काढला : दोरांच्या जागी काटेरी तारा, आणि त्या तारांना स्फोटके. मला हा प्रकार किळसवाणा वाटतो, हे लपवत नाही. पण लोक लोटले, हे सत्य आहे.

अशा रक्तबंबाळ मंडळीत हा उडणारा पोरगा घडला. त्याला शिक्षणासाठी मेक्सिकोला धाडण्यात आले. तेथेच तो मुखवट्याआड गेला आणि हायाबुसा झाला. एप्रिल १९९४ मध्ये टोकियोच्या सुमोगृहात निरनिराळ्या मंडळ्यांतील हलक्या वजनाच्या मल्लांची स्पर्धा भरली. तेथे पहिल्याच फेरीत त्याची गाठ जुशिन लायगर ह्या नामांकित मल्लाशी पडली. हायाबुसा हरला. पण त्या रात्री प्रेक्षक हरलेल्याचे नाव लक्षात ठेवून घरी गेले.

पुढच्या वर्षी, ५ मे १९९५ रोजी, कावासाकीच्या मैदानावर ओनिताची निवृत्तीची लढत झाली. प्रतिस्पर्धी हायाबुसा. पन्नास हजारांहून अधिक प्रेक्षक आल्याचे जाहीर झाले. ओनिता जिंकला आणि निघून गेला (त्याची निवृत्ती फार काळ टिकली नाही, हे वेगळे), आणि मंडळीचा सारा भार सव्वीस वर्षांच्या ह्या तरुणाच्या खांद्यांवर आला.

आपल्याकडच्या नाटकमंडळ्यांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही परिस्थिती समजावून सांगायला नको. मुख्य नटाचा घसा बसला की बिऱ्हाड बसते. नवे चालक शोइची आराई ह्यांनी स्फोट-काटेरी तारांचा मारा हळूहळू कमी केला आणि मंडळी हायाबुसाच्या कौशल्यावर उभी केली. तो कौशल्यात कमी पडला नाही. ‘फिनिक्स स्प्लॅश’ हा त्याच्या नावाशी जोडलेला डाव पाहा. सर्वांत वरच्या दोरावर, रिंगणाकडे पाठ करून उभे राहायचे. उडी घेताना हवेत अर्धी गिरकी घ्यायची, मग पुढे सव्वा कोलांटी, आणि पाठीवर पडलेल्या प्रतिस्पर्ध्यावर पोटाने उतरायचे. उतरताना त्याला इजा होऊ द्यायची नाही, ही अटही आहेच! जिन्सेई शिंझाकी ह्या जोडीदारासह त्याने दुसऱ्या, जुन्या मानाच्या मंडळीचे जोडी-अजिंक्यपद मिळवले. १९९८ च्या ऑगस्टमध्ये हीच जोडी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात लढून आली.

१९९९ साली त्याने मुखवटा उतरवला आणि काही काळ नुसत्या ‘एच’ ह्या अक्षराने तो लढला. हायाबुसाचे सोंग मग घेतले कोणी? त्याच जुन्या मित्राने, गान्नोसुकेने. पुढे शस्त्रक्रियांसाठी त्याला रिंगणाबाहेर बसावे लागले. तो परतला तो पुन्हा मुखवटा घालून. कारण मंडळीला ससाणाच हवा होता.

२२ ऑक्टोबर २००१. टोकियोचे कोराकुएन सभागृह, दोन हजारांच्या आतबाहेर माणसे मावणारे. प्रतिस्पर्धी मॅमथ सासाकी. हायाबुसा धावत गेला, मधल्या दोरावर चढला आणि मागे उलटी कोलांटी घेण्यासाठी उसळला. हा डाव त्याने शेकडो वेळा केला असेल. त्या दिवशी पाय दोरावरून निसटला.

येथे क्षणभर थांबून काय होते ते समजून घेऊ. कोलांटीला लागणारी फिरकी पाय दोरावर असतानाच मिळते. पाय सुटल्यावर अंग आखडून वेग थोडा वाढवता येतो, इतकेच. हवेत ढकलायला काहीच नसते. दोराने दगा दिला की उंचीही अपुरी आणि फिरकीही अपुरी. शरीर पुरते वळले नाही. तो डोक्यावर आला. मानेच्या मणक्यांना इजा झाली आणि हातपाय लुळे पडले. वय बत्तीस.

त्यानंतर चार महिन्यांत, फेब्रुवारी २००२ मध्ये, मंडळीचे दिवाळे वाजले. मे महिन्यात कर्जाने गांजलेल्या आराईंनी आत्महत्या केली. मंडळी आधीच पोखरलेली होती, एका मल्लाच्या पडण्याने ती बुडाली असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु एका माणसाच्या मानेवर इतक्या जणांची पोटे उभी करावीत काय, हा प्रश्न मात्र मला सोडत नाही. आणि तिकीट काढून ‘आणखी उंच’ म्हणणारे आपण प्रेक्षक त्यातून सुटतो असेही मला वाटत नाही.

एझाकी खचला असता तर कोणी दोष दिला नसता. तो गाऊ लागला. चाकाच्या खुर्चीत बसून, मुखवट्यासह, त्याने गाण्याचे कार्यक्रम केले. वर्षानुवर्षांच्या व्यायामाने बोटभर बोटभर हालचाल परत मिळवली. कुस्तीशी नाते तोडले नाही. २०१५ साली एफ.एम.डब्ल्यू. हे नाव नव्याने उभे राहिले, तेव्हा त्याच्या चालकांत तो होता. तोवर काठीच्या आधाराने काही पावले टाकण्यापर्यंत त्याची मजल गेली होती. ज्याच्या उड्या पाहायला माणसे रांगा लावीत, त्याचे ते एकेक पाऊल पाहायलाही माणसे आली.

३ मार्च २०१६ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्याचे निधन झाले. वय सत्तेचाळीस. फिनिक्स स्प्लॅश घेणारे तरुण आजही जपानात, मेक्सिकोत, अमेरिकेत आहेत. वरच्या दोरावर चढल्यावर, पाठ फिरवण्याआधी, ते एकदा पायाने दोर चाचपून पाहतात.