भिंतीवरचा शेजारी : सामान्य माणसांची सार्वजनिक व्यक्तिचित्रे आणि त्यांमागील प्रश्न

चेन्नईच्या इंदिरा नगर रेल्वे स्थानकाच्या भिंतींवर २०२१ मध्ये काही माणसांचे भव्य चेहरे रंगवण्यात आले. त्या चेहऱ्यांखाली नाव नाही, पद नाही, पक्षाचे चिन्हही नाही. त्यांतील काही व्यक्ती एचआयव्हीसह जगणाऱ्या आहेत, काही नाहीत. कोण कोणत्या गटातील हे चित्र सांगत नाही आणि हे न सांगणे हाच त्याचा आशय आहे. ‘वुई आर’, म्हणजे ‘आम्ही आहोत’, असे या भित्तिचित्राचे नाव. तामिळनाडू राज्य एड्स नियंत्रण संस्था, दक्षिण रेल्वे, स्टार्ट इंडिया फाउंडेशन आणि एशियन पेंट्स यांच्या सहकार्याने ते साकारले. ए-किल आणि खत्रा या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या चित्रकारांनी ते रंगवले.

भारतात एचआयव्ही संसर्गाचे पहिले निदान १९८६ मध्ये याच शहरात झाले होते. त्यानंतरच्या काळात आजाराइतकाच त्याचा कलंक पसरला. कोणाला संसर्ग आहे हे जाणून घेण्याची शेजाऱ्यापाजाऱ्यांची उत्सुकता हे त्या कलंकाचे मुख्य हत्यार होते. १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायद्याने अशी माहिती संमतीविना उघड करण्यास मनाई केली. कायद्याची ती तरतूद या भिंतीवर चेहऱ्यांच्या रूपाने उभी आहे. स्थानकातून जाणारा प्रवासी कितीही निरखून पाहो, त्याला अपेक्षित उत्तर मिळत नाही.

सामान्य रहिवाशाचे, कामगाराचे वा शेजाऱ्याचे मोठे व्यक्तिचित्र सार्वजनिक जागी लावण्याचा हा कलाप्रकार गेल्या दोन दशकांत जगभर रुजला आहे. त्याचे रूप कधी रंगवलेल्या भित्तिचित्राचे असते, कधी खळीने चिकटवलेल्या कृष्णधवल छायाचित्राचे. ‘आपल्यातील नायकांचा गौरव’ आणि ‘समाजबंध दृढ करणे’ ही त्याची नेहमीची उद्दिष्टे. मात्र चेहरा कोणी निवडला, चित्रातील व्यक्तीने होकार कशाला दिला आणि ते चित्र कोणाच्या नजरेसमोर लागले, या तीन गोष्टींवर उद्दिष्ट साधते की नाही ते ठरते.

भारतीय शहरांना सार्वजनिक व्यक्तिचित्र नवे नाही. चेन्नईत नेत्यांचे आणि अभिनेत्यांचे प्रचंड कटआउट दीर्घकाळ रस्त्यांवर उभे राहिले. महाराष्ट्रात चौकाचौकांत वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात. मधोमध ‘भावी’ पदाधिकारी आणि भोवती शुभेच्छुकांची पासपोर्ट आकाराच्या चेहऱ्यांची रांग, ही त्यांची रचना कोणालाही डोळे मिटून सांगता येईल. अनधिकृत फलकांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने वारंवार आदेश देऊनही ती प्रथा संपलेली नाही. रस्त्यावर मोठा चेहरा दिसला की तो सत्तेचा किंवा जाहिरातीचा, असे समीकरण डोळ्यांत पक्के बसले आहे. मासे विकणारी बाई किंवा सफाई कामगार त्याच मापात दिसल्यावर पाहणारा थबकतो, तो या सवयीमुळेच.

सामान्यांच्या शौर्याला सार्वजनिक भिंत देण्याची कल्पना मात्र जुनी आहे. जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स हे व्हिक्टोरियन इंग्लंडमधील नामवंत चित्रकार; आपल्या काळातील प्रतिष्ठितांची चित्रे काढून त्यांनी कीर्ती मिळवली होती. राणीच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव १८८७ मध्ये साजरा होत असताना त्यांनी ‘द टाइम्स’ला पत्र लिहून वेगळेच स्मारक सुचवले : इतरांचे प्राण वाचवताना स्वतःचे प्राण गमावलेल्या सामान्य माणसांचे. लंडनच्या पोस्टमन्स पार्कमध्ये ते १९०० मध्ये खुले झाले. तेथे आजही झिलईदार फरशांवर नाव, घटना आणि तारीख कोरडेपणाने नोंदलेली दिसते. व्यक्तिचित्रकाराने उभारलेल्या या स्मारकात एकही चेहरा नाही, आणि त्यात स्थान मिळण्यासाठी मरण ही अट आहे. आजच्या प्रकल्पांनी हे दोन्ही उलटवले. त्यांत चेहराच सर्वस्व असतो आणि चित्रातील व्यक्ती दुसऱ्या दिवशी त्याच भिंतीखालून भाजी घेऊन घरी जाते.

अमेरिकेत या कामाला संस्थात्मक रूप फिलाडेल्फियात मिळाले. १९८४ मध्ये भिंती रंगवून विद्रूप करणाऱ्या तरुणांना आवरण्यासाठी नगर प्रशासनाने मोहीम सुरू केली. चित्रकार जेन गोल्डन यांनी त्याच तरुणांना भित्तिचित्रांकडे वळवले. त्यातून पुढे ‘म्युरल आर्ट्स’ हा कार्यक्रम उभा राहिला आणि हजारो भित्तिचित्रे तयार झाली. त्यांच्या तंत्रातील एक बाब लक्षणीय आहे. चित्राचे तुकडे ‘पॅराशूट क्लॉथ’ नावाच्या पातळ कापडावर घरात, शाळेत, अगदी तुरुंगातही रंगवता येतात आणि नंतर भिंतीवर चिकटवता येतात. त्यामुळे परांचीवर चढू न शकणारी आजीदेखील चित्राची भागीदार होते. तेथील एका भिंतीवर समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्यासोबत ‘इंजिन ११’ या अग्निशमन केंद्रातील कृष्णवर्णीय जवानांचा गौरव आहे. वर्णभेदाच्या काळात त्यांची नेमणूक याच केंद्रात होत असे.

या प्रकाराला जागतिक ओळख दिली ती जेआर या फ्रेंच कलावंताने. पॅरिसच्या उपनगरांत २००५ मध्ये दंगली उसळल्या, तेव्हा तेथील तरुणांचे चेहरे दूरचित्रवाणीवर केवळ धोका म्हणून दाखवले जात होते. जेआरने त्या तरुणांची अगदी जवळून छायाचित्रे घेतली. तरुणांनी मुद्दाम वेडीवाकडी, भयावह तोंडे केली. लोकांच्या मनातील त्यांच्या प्रतिमेचीच ती नक्कल होती. ही छायाचित्रे पॅरिसच्या सुखवस्तू भागांत चिकटवण्यात आली, नाव, वय आणि राहत्या इमारतीच्या क्रमांकासह. चेन्नईच्या स्थानकाने जे काळजीपूर्वक झाकले, ते येथे जाणीवपूर्वक उघड केले होते. दोन्ही निर्णय योग्यच म्हणावे लागतील. पॅरिसच्या तरुणांना गर्दीतून माणूस म्हणून वेगळे काढण्याची गरज होती, चेन्नईच्या व्यक्तींना गर्दीत सुखाने मिसळू देण्याची.

‘विमेन आर हिरोज’ या पुढील मालिकेत जेआर ब्राझीलच्या रिओ दि जानेरोतील मोरो दा प्रोव्हिदेन्सिया या डोंगरवस्तीत पोहोचला. जून २००८ मध्ये सैनिकांनी वस्तीतील तीन तरुणांना प्रतिस्पर्धी टोळीच्या ताब्यात दिले आणि त्यांची हत्या झाली. त्यानंतर वस्तीतील स्त्रियांचे चेहरे आणि डोळे डोंगरउतारावरील घरांच्या भिंतींवर चिकटवण्यात आले. खालच्या शहरातून ते स्पष्ट दिसत. ज्या वस्तीकडे शहर पाहत नव्हते, ती वस्ती शहराकडे पाहू लागली.

केनियाच्या नैरोबीतील किबेरा वस्तीत २००९ मध्ये सुमारे २,००० चौरस मीटर छपरांवर स्त्रियांचे चेहरे पसरले. तेथे कागदाऐवजी जलरोधक व्हिनाइल वापरण्यात आले, कारण गळक्या पत्र्यांना त्याचा उपयोग होणार होता. वस्तीतून जाणाऱ्या आगगाडीच्या डब्यांवर डोळे लावले होते आणि चेहऱ्यांचा उरलेला भाग खालच्या उतारावरील पत्र्यांवर. गाडी जागेवर आली की क्षणभर चेहरा पूर्ण होई. भारतात परवानगीची अडचण आली तेव्हा वेगळीच युक्ती योजण्यात आली. भिंतीवर कोरे भासणारे पांढरे कागद लावले गेले. त्यांवर चिकट द्रव्याने चेहरे छापलेले होते. रस्त्यावरची धूळ बसत गेली तसे ते उमटत गेले.

२०११ मध्ये ‘टेड’ पुरस्कार मिळाल्यावर जेआरने ‘इनसाइड आउट’ हा उपक्रम सुरू केला. कोणत्याही समूहाने आपली छायाचित्रे पाठवावीत, मोठ्या आकारात छापून आलेली भित्तिपत्रके आपणच आपल्या परिसरात लावावीत, अशी त्याची पद्धत. मुंबईत त्याचे ठळक उदाहरण २०१७ च्या अखेरीस ससून डॉकमध्ये दिसले. १८७५ मध्ये बांधलेल्या या गोदीत स्टार्ट इंडियाने भरवलेल्या कलाप्रकल्पात, गोदीवर राबणाऱ्या कोळी स्त्रीपुरुषांचे चेहरे इमारतीच्या दर्शनी भागावर झळकले. पहाटेच्या लिलावात ज्यांचा फक्त आवाज ऐकू येतो, त्या बायका पाहुण्यांच्या स्वागताला उभ्या होत्या. कोळी हे मुंबईचे मूळ रहिवासी, हे वाक्य भाषणांत नेहमी येते. त्यांचे चेहरे शहराच्या भिंतींवर किती वेळा आले, याचा हिशेब मात्र फारसा मोठा होत नाही.

सगळेच प्रयोग असे जागेशी बांधलेले नसतात. जर्मन चित्रकार हेंड्रिक बाइकिर्श यांनी २०१२ मध्ये दक्षिण कोरियातील बुसान येथे ७० मीटरहून उंच इमारतीवर एका मच्छीमाराचा सुरकुतलेला चेहरा रंगवला. समोर आलिशान मनोरे असल्यामुळे त्या चित्राला धार आली. दिल्लीकरांना हेच चित्रकार आयटीओ येथील तत्कालीन पोलीस मुख्यालयावर २०१४ मध्ये अनपू वर्की यांच्यासह रंगवलेल्या महात्मा गांधींच्या चित्रामुळे ठाऊक आहेत. त्यांनी पुढे मोरोक्कोतील कारागिरांच्या लोप पावत चाललेल्या व्यवसायांवर मालिका केली आणि ते चेहरे जगातील विविध शहरांच्या भिंतींवर नेले. चित्रे देखणी आहेत. परंतु परक्या शहरात तो चेहरा कोणाचाच शेजारी नसतो. तेथे कौतुक होते, ओळख होत नाही.

चेन्नईतील कन्नगी नगर हा या चर्चेतील कसोटीचा मुद्दा आहे. शहरातील झोपडपट्ट्यांतून हलवलेल्या हजारो कुटुंबांसाठी उभारलेली ही पुनर्वसन वसाहत. कामाच्या जागेपासून दूर, सुविधांत मागे आणि गुन्हेगारीच्या बदनामीने ग्रासलेली. नोकरी मागताना पत्ता सांगायला येथील तरुण कचरतात, असे वृत्तांतांतून वारंवार समोर आले. २०२० मध्ये येथील इमारतींच्या बाजूच्या भिंतींवर मोठी चित्रे रंगवण्यात आली, त्यांत वसाहतीतील मुलांचे हसरे चेहरेही होते. बाहेरचे लोक प्रथमच गुन्ह्याच्या बातमीखेरीज अन्य कारणाने कन्नगी नगरला येऊ लागले. पत्त्याला चिकटलेली बदनामी पुसण्यात चित्राचा हातभार लागतो, हे मान्य करावे लागते. त्याच वेळी, रंगाने नळाला पाणी येत नाही आणि बसच्या फेऱ्या वाढत नाहीत, हा आक्षेपही खोटा नाही. रंग उत्पादक कंपनीच्या साह्याने होणाऱ्या प्रकल्पांबाबत तो अधिक तीव्रतेने घेतला जातो. प्रशासनाने चित्राला सुविधांचा पर्याय मानले, तर चित्रातले मूल मोठे होऊन त्याच भिंतीखाली पाण्याच्या रांगेत उभे राहील.

कामाची पद्धत येथे निर्णायक ठरते. बंगळुरूचा अरावनी आर्ट प्रोजेक्ट २०१६ मध्ये पूर्णिमा सुकुमार यांनी सुरू केला. तेथे तृतीयपंथी व्यक्ती केवळ चित्राचा विषय नसतात, त्या स्वतः कुंचला हाती घेऊन भिंतीपाशी उभ्या असतात. रस्त्यावर दिवसभर रंगकाम चालते तेव्हा चहावाला, रिक्षावाला, शाळेतून परतणारी मुले थांबतात, विचारतात. चित्र पूर्ण होण्याआधीच निम्मे काम झालेले असते.

कायद्याने मात्र या त्रिकोणाच्या तीन कोनांना सारखे संरक्षण दिलेले नाही. भिंत ज्याची, त्याचा मालकी हक्क स्पष्ट असतो. चित्रकाराला प्रताधिकार कायद्याच्या कलम ५७ खाली नैतिक हक्क आहेत. विज्ञान भवनातील शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे कांस्य भित्तिशिल्प सरकारने १९७९ मध्ये काढून टाकले. त्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये ते कलावंताला परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. चित्रातील व्यक्तीचा आधार खासगीपणाच्या हक्कात शोधावा लागतो. आर. राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये म्हटले होते की, एखाद्याचे नाव वा प्रतिमा संमतीविना वापरणे हा खासगीपणाचा भंग ठरू शकतो.

संमती एकदाच घेतली जाते. चित्र पुढे कित्येक वर्षे राहते. छायाचित्र देताना लहान असलेल्या मुलीला लग्नानंतर तो चेहरा भिंतीवर नकोसा वाटू शकतो, किंवा स्थानकावरील एखाद्याला आपली ओळख पटण्याची भीती नव्याने वाटू शकते. चिकटवलेला कागद एकदोन पावसाळ्यांत आपोआप गळून पडतो. रंगाचे तसे नाही. म्हणून चित्र किती काळ राहील, ते पुन्हा कोण रंगवेल आणि चित्रातील व्यक्तीने ‘आता पुरे’ म्हटल्यास काय करायचे, या तीन बाबी परांची उभारण्यापूर्वीच तिच्या भाषेत लेखी ठरवून घ्यायला हव्यात.