पाट्या वाचणारी संन्यासिनी

लग्नपत्रिका छापणारा कारागीर चौकटीवर ताणलेल्या कापडातून रबरी पट्टीने शाई खाली ओढतो, हे आपण गावोगावी पाहिले आहे. ह्याच साध्या तंत्राने अमेरिकेतील एका ख्रिस्ती संन्यासिनीने दुकानी जाहिरातींच्या अक्षरांना समाजाचे दुःख बोलायला लावले. त्या सिस्टर कोरिता केंट (१९१८–१९८६).

लॉस एंजेलिसच्या इमॅक्युलेट हार्ट कॉलेजात त्या चित्रकला शिकवीत. पुठ्ठ्याला चौकोनी भोक पाडून ते त्या विद्यार्थ्यांच्या हाती देत आणि त्यांना रस्त्यावर धाडीत. बाजार, पेट्रोल पंप, पाट्या, जे काही दिसेल ते त्या झरोक्यातून तुकड्यातुकड्याने पाहायचे! जन्मभर खडू-फळा वापरणाऱ्या माझ्यासारख्याला ह्या गृहपाठाचा हेवा वाटतो.

१९६२ साली त्याच शहरात अँडी वॉरहॉल यांची सूपच्या डब्यांची ३२ चित्रे मांडली गेली. वॉरहॉल डबा दाखवून गप्प राहिले. सिस्टर गप्प राहिल्या नाहीत. पावाच्या वेष्टनावरील रंगीत ठिपक्यांत त्यांना मिस्सेतील पवित्र भाकर दिसली, आणि भाकर म्हटली की भूक आलीच. १९६४ मध्ये तर टोमॅटोच्या जाहिरातीतले विशेषण त्यांनी थेट मरियामातेला लावले. सनातन्यांना हे रुचणे शक्यच नव्हते.

ऑगस्ट १९६५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्स ह्या काळ्या वस्तीत दंगल उसळली. ३४ माणसे मेली. सिस्टरांनी वर्तमानपत्राचे पहिले पानच चित्रात घेतले व त्याखाली एका धर्मगुरूचे विचार लिहिले: नीटनेटक्या घरांत राहणाऱ्यांना ख्रिस्ताच्या देहाचा भुकेला, मळलेला भाग विसरणे सोपे जाते. पुढे व्हिएतनाम युद्धाविरुद्धही त्यांनी चित्रे छापली. प्रती मुद्दाम स्वस्त ठेवलेल्या, कारण चित्र सामान्यांच्या भिंतीवर जावे ही इच्छा. माझ्या मते त्यांचे खरे बंड ह्या किमतीत होते.

स्थानिक कार्डिनल मॅकिन्टायर यांचा संस्थेवरील रोष वाढत गेला. १९६८ मध्ये सिस्टर बोस्टनला गेल्या आणि बत्तीस वर्षांचे मठजीवन सोडले.

१९८५ मध्ये अमेरिकी टपालखात्याने त्यांचे प्रेमावरचे इंद्रधनुषी तिकीट काढले. त्याच्या ७० कोटींहून अधिक प्रती खपल्या. प्रकाशन मात्र एका प्रेमकथांच्या दूरदर्शन मालिकेच्या सेटवर ठेवले. कोरिता तिकडे फिरकल्या नाहीत. त्यांनी नवे चित्र छापले; त्याचा मथळा होता, प्रेम म्हणजे कष्टाचे काम.